बांधावरची न्याहारी

घरात पाटावर बसून खाल्लेली भाकरी आणि लावणीच्या दिवसांत बांधावर बसून खाल्लेली भाकरी, या दोहोंत फरक काय, असा प्रश्न कधी तुमच्या मनात आला आहे का? तांदूळ तोच, पीठ तेच, थापणारे हातही तेच. बांधावरची भाकरी तर उलट गार झालेली असते. जवळ्याच्या चटणीत पावसाचे चार थेंब पडलेले असतात, बसायला ओल्या गवताखेरीज काही नसते, आणि खाचरातल्या पाण्यात हात कितीही खळबळले तरी नखांतला चिखल निघत नाही. तरी ती भाकरी गोड लागते, हे तुम्ही-आम्ही सगळे जाणतो.

भूक हे त्याचे एक कारण झाले. पण नुसत्या भुकेचाच प्रताप असता, तर एकट्याने बसून खाल्लेली भाकरीही तितकीच गोड लागली असती. ती लागत नाही. बांधावर बसले की डोळ्यांपुढे अर्धे खाचर हिरव्या मुठींनी भरलेले दिसते आणि अर्धे अजून चिखलाचे दिसते. सकाळपासून आपण काय केले ते असे समोर मांडून ठेवलेले असते. शेजारी चौघीजणी असतात, कुणाची तरी थट्टा चाललेली असते, किटलीतला चहा फिरत असतो. कंबर मोडून आलेली असते हे खरे, पण ती सगळ्यांचीच मोडलेली असते. दुःख वाटून घेतले की हलके होते म्हणतात. कंबरदुखीचेही तसेच असावे.

हे सारे आज लिहावेसे वाटले ते कोलशेतमुळे. ठाण्याहून घोडबंदरच्या दिशेने निघाले की कापूरबावडीच्या पुढे, बाळकूम-ढोकाळीच्या शेजारी, खाडीच्या काठाला हे गाव आहे. पलीकडच्या तीराला भिवंडी तालुक्यातले काल्हेर. मधून उल्हास नदीचे पाणी वसईच्या समुद्राकडे जाते आणि भरतीला तोच समुद्र आत चढून येतो. वस्ती मुख्यतः आगरी-कोळ्यांची. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आगरी हे नाव आले. भात पिकवायचे, मीठ पिकवायचे आणि खाडीतले मासे धरायचे, या तीन गोष्टींवर ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यातली घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. पुढे रेतीच्या होड्या आल्या. कोलशेतचे रेतीबंदर ठाण्यात कुणालाही ठाऊक आहे. १९६० नंतर या भागात कारखाने आले, घरातला एक पुरुष पाळीला जाऊ लागला आणि शेत बायकांच्या हाती राहिले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाण्याची महानगरपालिका झाली आणि भोवतालची गावे शहराच्या हद्दीत गेली. रंग-रसायनांचा जो मोठा कारखाना कोलशेतला होता त्याच्याही जागी आज आभाळाला भिडलेल्या इमारती उभ्या आहेत. गावाच्या नावात शेत आहे. गावातले शेत मात्र आता शोधावे लागते.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या गावाला अजून शेत आहे. म्हणूनच कोलशेतसारख्या गावाकडे तुम्ही जरा निरखून पाहावे असे मला वाटते. शेत गेल्यावर काय काय जाते? धान्य जाते, हे आपण धरून चालतो. ते बाजारात मिळते. पण त्याच्याबरोबर आणखी काही बारीकसारीक गोष्टी जातात. त्यांची कुठल्या खरेदीखतात नोंद नसते आणि त्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

वलगणीचीच गोष्ट घ्या. ठाणे-रायगडाकडच्या वाचकांना हा शब्द सांगायला नको, घाटावरच्यांसाठी सांगते. मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले, ओढे-नाले भरून वाहू लागले, की गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. त्यांना अंडी घालायची असतात आणि त्यासाठी उथळ, नवे पाणी हवे असते. ते नाल्यातून शेतात येतात, खाचराखाचरांतून बांधाच्या तोंडावाटे उड्या मारीत वर जातात. घाटावर कुणी यांना चढणीचे मासे म्हणतात. आगरी माणूस वलगणीचे म्हणतो. ही वर्षातून चार-दोन दिवसांचीच मौज. रात्री कंदील किंवा बत्ती घेऊन, डोक्यावर इरले नाहीतर गोणपाटाची खोळ घेऊन, बापाच्या मागून पोर निघते. बांधाच्या तोंडाशी बांबूची भोकशी लावलेली असते. अंधारात पाण्याचा आवाज, बेडकांचा गलका, आणि मधेच पायाला काहीतरी वळवळून गेले की पोराची किंकाळी. घरी आई चूल पेटवून जागी असते, कारण हे मासे सकाळपर्यंत ठेवायचे नसतात. मध्यरात्री कालवण होते. झोपलेल्या धाकट्यांना उठवून जेवायला बसवतात.

या मौजेला खर्च किती? एक रात्र झोपमोड. पण तिच्यासाठी लागतात त्या गोष्टी मोजून पाहा. नाला मोकळा हवा, त्याला सिमेंटच्या नळात घातलेले नसावे. नाला शेताला जोडलेला हवा. पाण्यात कारखान्याचे किंवा गटाराचे काही मिसळलेले नसावे, शेतात जालीम औषध फवारलेले नसावे. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्या स्वतःच्या हातची आहे. वर चढणारी मादी गाभोळीने भरलेली असते. गावातल्या एकूणएक तोंडांना भोकश्या लागल्या आणि एकही मासा वर गेला नाही, तर पुढच्या वर्षी वलगण यायची कुठून? एखादे तोंड मोकळे सोडावे. आपल्या नातवालाही मध्यरात्री उठवून जेवायला बसवायचे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

त्याच दिवसांत रानातून शेवळे येतात. पहिल्या पावसाने जमीन फोडून वर आलेला तो जांभळट कोंब नीट निवडला नाही, जोडीला काकडे किंवा चिंच घातली नाही, तर घसा असा खाजतो की जेवणारा सुनेचा उद्धार करतो. मग टाकळा, कुरडू, भारंगी. ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया या भाज्यांचे वाटे घेऊन बसतात आणि शहरातली मंडळी त्या हौसेने, म्हणेल ती किंमत देऊन नेतात. आपल्या बांधावर मात्र टाकळा उगवला की आपण त्याला तण म्हणतो. असो.

लावणीकडे पुन्हा येऊ. राब भाजून, धूळवाफेवर पेरून, आवण वीतभर झाले की ते उपटायचे, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावत जायचे. हे काम एकट्याचे नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, अशी माणसे फिरतात. कोकणात याला सावड म्हणतात. देशावरची इर्जिक वेगळ्या घाटाची, पण आत्मा तोच: कुणी कुणाला रोज द्यायचा नाही, पोटभर जेवायला घालायचे. बांधावरची न्याहारी गोड लागते ती या सावडीमुळे. मजुरीवर आणलेल्या बायका आपापले डबे उघडून वेगवेगळ्या बसल्या आणि मालकीण घड्याळ पाहत उभी राहिली, तर बांध तोच असूनही चव उतरते. मजूर लावू नयेत असे मी म्हणत नाही. अलीकडे घरटी माणसे कमी झाली, मुले शिकायला किंवा नोकरीला गेली, मजूर लागणारच. पण निदान न्याहारीला मालकिणीने त्याच बांधावर, त्याच ओळीत बसावे. एवढ्याने मजुरी वाढत नाही.

आता एक अवघड गोष्ट. साध्या आयुष्यातला आनंद असे कुणी लिहू लागले की मला थोडी धास्ती वाटते. शहरात बसून चिखलाचे कौतुक करणे सोपे असते. दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून पायांची बोटे कुजतात, खाडीच्या चिखलात कालवे काढताना तळवे कापतात, आणि भाताला भाव आला नाही तर सूर्यास्त कितीही सुंदर असला तरी सोसायटीचे कर्ज फिटत नाही. गरिबी म्हणजे समाधान, अशी थाप कुणी मारली तर तुम्ही ऐकून घेऊ नका. आनंद कष्टांचा मोबदला म्हणून कुणी देत असेल तर त्याच्याकडे आधी मोबदला मागावा.

जात्याचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. पहाटे तीन-चारला उठून दळायला बसणाऱ्या बाईने त्या घरघरीवर ओवी रचली. माहेरची, भावाची, राम-सीतेची, पंढरीच्या विठ्ठलाची, आणि जाच करणाऱ्या घराचीही. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केले, ते अनेक घरांत असेल. पुढे पुण्याला स्थायिक झालेले मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगाव कार्यकर्त्यांच्या मदतीने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून त्यांनी एक लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. प्वातवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. पण त्या ओव्या राहिल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या आता मोबाइलवरही, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या आवाजात, ऐकता येतात. एक लाख! विचार करा, इतके गाणे आपल्या आयाआज्यांनी कुणी ऐकत नसताना, अंधारात, पीठ पाडता पाडता म्हटले.

गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला. गिरणी नको होती असे एकही म्हातारी म्हणणार नाही, आणि म्हणू नये. पण जात्याबरोबर ओवीही थांबली, कारण ती बसत होती त्या पाटावरच. दळणाचे दोन तास वाचले, त्यांतली दहा मिनिटे गाण्यासाठी बाजूला काढावीत असे कुणाच्या मनातही आले नाही. गाणे हे कामाच्या अंगावर बसून आलेले होते. काम उतरले तसे तेही उतरून गेले.

आपले पुष्कळसे रोजचे आनंद असेच कामाच्या अंगावर बसून येतात. नदीवर धुणे होते म्हणून बायकांची रोज भेट होत होती. नळ घरात आला, बरे झाले, भेट राहिली. खळ्यावर रात्री राखणीला झोपावे लागे, म्हणून आजोबा नातवाला तारे दाखवीत. भारे आता मळणी यंत्रात जातात आणि उडवी रचायलाही माणूस मिळत नाही. काम सोपे होणे हा लाभच आहे. पण लाभ पदरात घेताना त्याच्या अंगावर बसलेले पाखरू उडून चालले आहे का, हे जरा पाहावे, आणि त्याला दुसरी फांदी दाखवावी. नळावर भेट होत नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून कुणाच्या तरी ओट्यावर बसता येते. पापड-कुरडयांसाठी बायका अजून एकत्र येतात. तिथे ओवी का म्हणू नये?

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांचे नाव तुम्हाला सांगायला नको. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईने सुगरणीच्या खोप्यावर, पेरणीवर, मोटेवर, घरोट्यावर गाणी केली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली नसती आणि १९५२ साली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली नसती, तर आपल्याला त्यांचा पत्ताही लागला नसता. त्यांचे आयुष्य सुखाचे होते असे कुणी म्हणणार नाही. ऐन तिशीत वैधव्य आले. पण खोपा पाहायला त्या थांबल्या. तो खोपा आपल्याही विहिरीवर लोंबत असतो.

कोलशेतच्या काठावर आणखी एक आनंद आहे, आणि तो शेत गेले तरी अजून कुणाला विकता आलेला नाही. तो म्हणजे भरतीची वेळ ओळखणे. शहरातल्या माणसाला छापील तक्ता लागतो. खाडीकाठच्या जुन्या माणसाला तिथी कळली की पुरे. पद्धत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. तृतीयेला सव्वादोन. जुन्या शाळेत पाऊणकी पाठ करून घेत, ती इथे उपयोगी पडे. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास पाणी तुडुंब असते आणि त्या दिवसांत ते चढतेही जास्त, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, तो भांग. सव्वासहा तासांनी ओहोटी, आणखी तितक्याच वेळाने पुन्हा भरती. हा हिशेब समुद्रकाठचा; खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तो उशीर प्रत्येक गावाला आपापला ठाऊक असतो.

या ज्ञानावर जगणे अवलंबून होते. ओहोटी कधी, त्यावर चिखलात चिंबोरी आणि निवट्या शोधायला कधी उतरायचे ते ठरे. उधाण कधी, त्यावर खारबांधाची राखण ठरे, कारण बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले तर तिथे भात व्हायला काही वर्षे जात. ठाणे-रायगडाकडे खारबंदिस्तीचे महत्त्व इतके, की सरकारने १९४८ आणि १९७९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदे केले. आज कोलशेतच्या काठाला तिवरांच्या मागे सांडपाण्याने पाणी काळवंडले आहे, मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही. तरी भरती चुकत नाही. नारळी पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास खाडी भरलेली असणार, हे पंचांग न उघडता सांगता येते. इमारतीच्या पंचविसाव्या मजल्यावरून खाडीचे पाणी अधिक चांगले दिसत असेल. पण ते आता चढते आहे की उतरते आहे, आणि का, हे ज्याला समजते त्याच्या पाहण्यात वेगळी गोडी आहे. मुलांना सुट्टीत हा पाऊणकीचा खेळ शिकवा. खाडी नसेल तर नक्षत्रे आहेत, पाखरे आहेत, वाऱ्याची दिशा आहे. तुमच्या गावचे असे कुठले गणित आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

जमिनीच्या व्यवहाराबद्दलही दोन शब्द बोलते. पैसे आले, त्यातून मुलीचे शिक्षण झाले, पक्के घर झाले, आजारपण निभावले; यात वाईट काही नाही. विकायची की नाही हे ज्याच्या त्याच्या गरजेने ठरावे. पण ठरवायला बसाल तेव्हा कागदावर गुंठे आणि दर लिहून झाल्यावर त्याखाली आणखी चार ओळी लिहा. वलगण कुठे येते. लावणीला कोण कोण येते. गुरे पाण्याला कुठून जातात. संध्याकाळी म्हातारा कुठे जाऊन बसतो. त्यांची किंमत लिहिता येणार नाही, रकाना कोरा राहील. कोरा का होईना, रकाना असावा. आणि तो कागद घरातल्या बायकांसमोर वाचावा, कारण या चार ओळी पुरुषांना बहुधा आठवत नाहीत.

नवे घर बांधायला काढाल तर ओटा मात्र विसरू नका. हल्ली नकाशे शहरातून येतात आणि पायरी चढली की थेट दिवाणखाना लागतो. पुढे चार हात रुंदीचा ओटा असला, त्याला पत्र्याची का होईना पडवी असली, तर पावसात त्यावर जाळे विणता येते, वाल सोलता येतात, येणाराजाणारा टेकतो. दार बंद असलेल्या घरात पाहुणा बोलावल्याशिवाय येत नाही. ओट्यावर तो नुसता वाटेने जाताना येतो. दोन पोती सिमेंट जास्त लागेल.

एक काम मात्र या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत करून टाकण्यासारखे आहे. आगरी घरांत लग्नाला धवलारीण बोलावतात. हळदीपासून सारे विधी ती धवळे गाऊन पार पाडते, आणि ती गाणी लांबच्या लांब, सारी तोंडपाठ. आता हळदीला मोठमोठे कर्णे लागतात आणि त्या गदारोळात बिचारीचा आवाज ऐकू येत नाही. नाचायचे त्यांनी जरूर नाचावे. पण धवळे चालू असताना अर्धा तास तो खोका बंद ठेवावा, आणि घरातल्या शिकत्या मुलीला वही घेऊन किंवा मोबाइल घेऊन धवलारणीच्या शेजारी बसवावे. तुमच्याकडे धवळे नसतील तर आजीच्या ओव्या असतील, जात्यावरच्या, पाळण्याच्या, हादग्याच्या. आजी आधी म्हणेल, मला काही येत नाही. तिच्यापुढे सुपात थोडे तांदूळ निवडायला ठेवा. हात चालू झाले की आठवते. शब्द ती म्हणेल तसे, तिच्या बोलीत लिहावे, शुद्ध करू नये. आणि पहिल्या पानावर तिचे नाव, तिचे माहेर आणि लिहिले तो दिवस घालावा.